बुटांच्या खोक्यातले प्रश्न

गोव्यातल्या मुलाला भाषांची कधी ददात नसते. घरी तो कोकणीतून भांडतो, देवळात मराठीतून आरत्या म्हणतो, चौथीपर्यंत मराठी शाळेत असेल तर पाढेही मराठीतूनच घोकतो आणि पाचवीपासून पुढचं सगळं इंग्रजीत. वर टीव्हीची हिंदी आहेच. अशा चार चार भाषा तोंडात खेळवणाऱ्या मुलाला तुम्ही सांगून बघा, की बाबा, तुझ्या कमरेखालच्या शरीराबद्दल एक साधं, सरळ वाक्य बोल. गप्प बसेल. कारण कोकणीत त्याला जे शब्द ठाऊक आहेत त्या शिव्या आहेत. इंग्रजीत जे आहेत ते परीक्षेत आकृतीला नावं देण्यापुरते. आणि मराठीत? मराठीतले शब्द त्याने बसस्टँडच्या मुतारीत भिंतीवर वाचलेले आहेत. गुप्तरोग. मर्दानी कमजोरी. धातू जाणे. स्वप्नदोष. खाली मोबाईल नंबर आणि 'खात्रीशीर इलाज'.

यातला 'स्वप्नदोष' हा शब्द तर बघा. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला झोपेत वीर्यस्खलन होतं, त्यात त्याचा हात नाही, इच्छा नाही, आणि तरी आपल्या भाषेने त्या गोष्टीचं नाव ठेवतानाच निकाल देऊन टाकलाय. दोष! मी आयुष्यभर मराठी शिकवलं, मराठीवर माझं प्रेम आहे, पण हा शब्द ज्याने घडवला त्याच्याशी मला एकदा भांडायचं आहे.

असो. सांगायचं आहे ते एका खोक्याबद्दल.

उत्तर गोव्यातल्या एका उच्च माध्यमिक विद्यालयात मी अकरावी-बारावीला मराठी शिकवत असे. २००५ साली आमच्या वाचनालयाच्या कोपऱ्यात बुटांचं एक रिकामं खोकं आम्ही ठेवलं. झाकणाला ब्लेडने चीर पाडलेली, बाजूला चिकटपट्टी. वर लिहिलं, 'प्रश्नपेटी'. कल्पना माझी नव्हे, म्हापशाला दवाखाना असलेल्या एका डॉक्टरीणबाईंची. त्या अगोदर एकदा 'वयात येताना' ह्या विषयावर भाषण द्यायला आल्या होत्या. भाषण संपल्यावर "कोणाला काही विचारायचंय?" म्हणाल्या, तर १२० मुलांपैकी एकाचाही हात वर गेला नाही. परत जाताना गाडीच्या दारापाशी मात्र दोन मुली घुटमळताना त्यांना दिसल्या. एक जण एवढंच म्हणाली, "डॉक्टर, म्हाका लज दिसता." आणि पळाली. त्यावरून ही पेटी.

नाव लिहायचं नाही, वर्ग लिहायचा नाही, कुठल्याही भाषेत लिहावं. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी डॉक्टर येणार आणि चिठ्ठ्या वाचून उत्तरं देणार. व्यवस्थापनाने अट घातली, मुलगे आणि मुली वेगवेगळ्या वर्गात बसवायचे. डॉक्टरांनी ती ताबडतोब मान्य केली, मला जरा नवलच वाटलं. नंतर कळलं, दोन्ही वर्गांत त्या सगळ्याच चिठ्ठ्या वाचत! मुलांच्या चिठ्ठ्या मुलींना ऐकायला मिळाल्या, मुलींच्या मुलांना. पाळीच्या दिवसांत पोटात काय होतं हे आमच्या गावच्या कित्येक मुलग्यांना त्या शनिवारांत पहिल्यांदा कळलं असेल.

पहिल्या महिन्यात पेटीत सात चिठ्ठ्या निघाल्या. त्यातल्या दोन 'मराठीचा पेपर कठीण काढू नका' अशा होत्या. तिसऱ्या महिन्यापासून मात्र खोकं भरू लागलं.

एक गंमत मला भाषाशिक्षक म्हणून दिसली. अवयवाचं नाव घ्यायचं असेल तिथे मुलं इंग्रजीत शिरत, आणि भीती सांगायची असेल तिथे मराठीत किंवा कोकणीत येत. एकाच वाक्यात. पहिला अर्धा भाग जीवशास्त्राच्या वहीतला, दुसरा अर्धा आईला हाक मारल्यासारखा.

काय विचारत? चुंबनाने दिवस जातात का. सायकल चालवल्याने मुलीचा 'पडदा' फाटतो का, आणि मग नवऱ्याला संशय येईल का. (कौमार्य दाखवणारी कसलीही खूण शरीरावर नसते. काहींचा पडदा जन्मतःच नावापुरता असतो, काहींचा संबंधानंतरही तसाच राहतो. हे उत्तर डॉक्टर दरवर्षी देत आणि दरवर्षी कोणीतरी पुन्हा विचारी.) चवथीच्या दिवसांत पाळी येणार असेल तर पुढे ढकलायची गोळी किती दिवस आधी घ्यायची, हा प्रश्न ऑगस्टमध्ये हमखास. डॉक्टर सांगत, अशा गोळ्या असतात पण त्या फार्मसीतून आपल्या मनाने आणायच्या नाहीत, आणि पाळी आलेल्या मुलीला गणपती बघत नाही असं गणपतीने कुठे म्हटल्याचं मला ठाऊक नाही. शेवटच्या वाक्याला मुली हसत. कोणी घरी जाऊन सांगितलं असतं तर आमची पेटी त्याच दिवशी विसर्जनाला गेली असती.

मुलग्यांच्या चिठ्ठ्यांत अर्ध्याहून जास्त दोनच विषय. लांबी आणि धातू. लांबीचा विषय डॉक्टर दोन मिनिटांत संपवत. प्रत्येकाची वेगळी असते, तेल-मलम-गोळी कशानेही वाढत नाही, आणि पडद्यावर जे बघता ते निवडून आणलेले लोक असतात. सिनेमातल्या मारामारीवरून कोणी आपली ताकद मोजतं का?

धातूला मात्र वेळ लागे. एका मुलाने लिहिलं होतं की त्याचं अभ्यासात लक्ष लागत नाही, डोळे खोल गेलेत, पाठ दुखते, कारण आठवीपासून हस्तमैथुनाची सवय आहे. शंभर थेंब रक्ताचा एक थेंब होतो असं त्याने ऐकलं होतं आणि त्याने चक्क हिशेब मांडला होता! आजवर आपल्या अंगातून किती लिटर रक्त गेलं त्याचा. गणितात हुशार असावा. त्याच्या हिशेबाने तो दोन वर्षांपूर्वीच मेलेला होता.

डॉक्टरांनी तो हिशेब वाचून दाखवला, पण हसू दिलं नाही. म्हणाल्या, वीर्य रक्तापासून साठवून बनत नाही. लाळ बनते तसं ते शरीरात ग्रंथींमध्ये सतत बनत राहतं, बाहेर गेलं तरी बनतं, नाही गेलं तरी बनतं. हस्तमैथुनाने अशक्तपणा येत नाही, डोळे जात नाहीत, लग्नानंतर अडचण येत नाही. मग पाठ का दुखते? भीतीने झोप लागत नाही म्हणून. त्यांनी हेही सांगितलं की ही भीती आपल्या भागात इतकी रुजलेली आहे की डॉ. एन. एन. विग ह्या भारतीय मानसोपचारतज्ज्ञाने १९६० साली तिला वैद्यकशास्त्रात नावच दिलं, 'धात सिंड्रोम'. म्हणजे धातू जाण्याने माणूस आजारी पडत नाही, धातू जातो ह्या समजुतीने पडतो.

हे सगळं ऐकताना मला र. धों. कर्वे आठवत. महर्षी कर्व्यांचे हे थोरले चिरंजीव, गणिताचे प्राध्यापक. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, ह्याच कामापायी प्राध्यापकी गेली, आणि जुलै १९२७ पासून १९५३ साली मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक पदरमोड करून चालवलं. त्यात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं असत. जुने अंक चाळले तर आपण थक्क होतो, कर्व्यांच्या धैर्याने नव्हे (त्याने होतोच), तर प्रश्नांनी. तेच प्रश्न! आमच्या खोक्यातले. मधे सत्तर-ऐंशी वर्षं गेली, पोर्तुगीज गेले, टीव्ही आला, मोबाईल आला, आणि पोराची पाठ अजून त्याच कारणाने दुखते आहे.

कर्व्यांवर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ साली जो झाला तो ह्या प्रश्नोत्तरांवरून. हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध ह्यांबद्दल वाचकांनी विचारलेलं आणि कर्व्यांनी सरळ उत्तर दिलेलं, हाच गुन्हा. त्यांचं वकीलपत्र घेतलं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. लोकांनी प्रश्न विचारले तर उत्तर का द्यायचं नाही, आणि लैंगिक विषयावर लिहिलेलं सगळंच अश्लील कसं, असा त्यांचा रोख होता. खटला हरले. कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. मासिक पुढे चालू राहिलं. १९३४ साली एक मराठी माणूस समलिंगी आकर्षणाबद्दल छापून लिहितो आणि दुसरा मराठी माणूस त्याच्यासाठी कोर्टात उभा राहतो, हे आमच्या पाठ्यपुस्तकांत का नाही, हा प्रश्न पेटीत टाकावा असं मला फार वेळा वाटलं.

ह्या आकर्षणाबद्दलच्या चिठ्ठ्या आमच्याकडे थोड्या येत, आणि त्याही बहुतेक दुसऱ्याबद्दल. एक चिठ्ठी आठवते. "माझा काका दशावतारात स्त्रीपार्ट करतो. मुलं मला चिडवतात. तो तसला आहे का?" पेडण्याच्या बाजूला काय किंवा पलीकडे सिंधुदुर्गात काय, दशावतारातला स्त्रीपार्टी हा गावाच्या कौतुकाचा विषय. रात्री लुगडं नेसून तो रंगमंचावर आला की बायका त्याच्या चालण्याकडे बघून एकमेकींना कोपरं मारतात. आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याच पुतण्याला त्यावरून चिडवायचं! उत्तर देताना डॉक्टरांनी मला पुढे केलं, नाटकाचा विषय तुमचा म्हणून. मी बालगंधर्वांपासून सुरुवात केली. बायकांची भूमिका करणं ही कला, बाईसारखं चालणं-बोलणं हा एखाद्याचा स्वभाव, आपण आतून पुरुष आहोत की स्त्री हे वाटणं ही तिसरी गोष्ट, आणि आपल्याला कोण आवडतं ही चौथी. चारही एकाच माणसात असतील, किंवा एकच असेल. पैलवानाला पुरुष आवडू शकतो आणि स्त्रीपार्टी चार मुलांचा बाप असू शकतो. 'तसला' ह्या एका शब्दात आपण हे सगळं कोंबून ठेवलं आहे, शेणाच्या गोणीत साखर, मीठ आणि तांदूळ भरावेत तसं.

आणि मग जानेवारी २०१४ मधली ती चिठ्ठी.

प्रॅक्टिकलच्या वहीचं अर्धं पान, निळी शाई. सगळी मराठीत, एकही इंग्रजी शब्द नाही. मला ती पाठ आहे. "मला मुलींबद्दल काही वाटत नाही. वर्गातल्या एका मुलाबद्दल वाटतं. खूप प्रयत्न केला, उपास केले, जात नाही. पेपरात वाचलं की कोर्टाने हा गुन्हा ठरवला आहे. मला शिक्षा होईल का? औषध असेल तर नाव लिहा, मी म्हापशाहून आणीन."

पेपरातली बातमी खरी होती. २००९ साली दिल्ली उच्च न्यायालयाने ३७७ कलमातून प्रौढांचे संमतीचे संबंध वगळले होते, आणि ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. टीव्हीवर चर्चा चालू होत्या. आपल्याला वाटतं ह्या चर्चा दिल्ली-मुंबईच्या आहेत. इथे भातशेतीच्या कडेला एक मुलगा त्या ऐकून औषधाचं नाव विचारत होता.

माझी अडचण वेगळीच झाली. मी मराठीचा शिक्षक. वर्षाला त्यांचे तीन-चार पेपर तपासतो. चिठ्ठीवर नाव नसलं तरी 'ख' आणि 'ष' काढायची लकब लपत नाही. कोणी लिहिलंय ते मला दुसऱ्या ओळीला कळलं. मी डॉक्टरांना फोन करून विचारलं, त्या मुलाला बाजूला बोलावून बोलू का? त्या फटकन म्हणाल्या, "नाही. त्याने खोक्यात टाकली आहे, तुमच्या हातात दिलेली नाही. तुम्ही ओळखलं हे त्याला कळता कामा नये. शनिवारी वाचताना त्याच्याकडे बघूसुद्धा नका."

साठ मुलांच्या वर्गात एका मुलाकडे न बघणं किती कठीण असतं, हे अनुभवल्याशिवाय कळायचं नाही. मी पूर्ण वेळ खिडकीबाहेरच्या चिंचेच्या झाडाकडे बघत उभा राहिलो.

डॉक्टरांनी चिठ्ठी जशीच्या तशी वाचली. मागच्या बाकांवरून कोणीतरी शीळ घातली, दोघे-तिघे हसले. त्या थांबल्या. रागावल्या नाहीत, फक्त थांबल्या, शांत होईपर्यंत. मग म्हणाल्या, "औषध नाही. कारण आजार नाही. काही माणसांना विरुद्ध लिंगाची माणसं आवडतात, काहींना आपल्याच लिंगाची, काहींना दोन्ही. जागतिक आरोग्य संघटनेने, डब्ल्यूएचओने, १९९० साली समलिंगी असणं आजारांच्या यादीतून काढून टाकलं. हे कोणी शिकवून येत नाही, कोणाच्या संगतीने लागत नाही, आईवडिलांच्या चुकीने होत नाही, आणि उपासाने जात नाही. तुझ्या वयात मन अजून स्थिर होत असतं, तेव्हा आजच स्वतःवर शिक्का मारायची घाई नाही. पण हेच राहिलं तरी तुझं काही बिघडलेलं नाही." मग कायदा. तेव्हा खोटं सांगता येत नव्हतं. त्या म्हणाल्या, "कायदा कृतीला शिक्षा सांगतो, आवडण्याला नाही. कोणी आवडतो म्हणून तुला कोणीही पकडू शकत नाही. कायद्याची भांडणं अजून संपलेली नाहीत. आणि अठराच्या आत तर मुलगा असो, मुलगी असो, शरीरसंबंधाला कायद्याची परवानगी कोणालाच नाही, हे सगळ्यांनाच लागू." शेवटी फळ्यावर आपल्या दवाखान्याचा फोन लिहिला आणि तो वर्षभर पुसायचा नाही असं शिपायाला बजावलं.

त्या मुलाने फोन केला की नाही मी कधी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

सोमवारी व्यवस्थापनातले एक सद्गृहस्थ आले. असले विषय वर्गात वाचल्यामुळे मुलांच्या डोक्यात येतात, असं त्यांचं म्हणणं. शेजारच्या महाराष्ट्र आणि कर्नाटकाने २००७ सालीच लैंगिक शिक्षणाच्या पुस्तिका बंद केल्या होत्या, त्याचाही दाखला दिला. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "चिठ्ठी मी घरून आणली नव्हती. ती तुमच्याच वाचनालयातल्या खोक्यातून निघाली." आमचे प्राचार्य भित्रे म्हणून प्रसिद्ध, पण त्या दिवशी त्यांनी चहा मागवला, आणि चहा संपला तेव्हा पेटी जागेवरच होती.

पुढच्या महिन्यात एक चिठ्ठी आली, बहुधा शीळवाल्या बाकावरून. "तसल्या लोकांमुळेच एड्स होतो ना? मग त्यांना वेगळं ठेवलेलं बरं नाही का?"

वेगळं ठेवणं! हे वाचून डॉक्टरांनी त्या दिवशी बाकीच्या चिठ्ठ्या बाजूला ठेवल्या. कारण वेगळं ठेवून झालेलं होतं, आणि ते दूर कुठे नव्हे, बार्देशात. डॉमिनिक डिसोझा हा तरुण नेमाने रक्तदान करणारा. त्या रक्ताच्या तपासणीत एचआयव्ही आढळला. त्याला काहीही न सांगता फेब्रुवारी १९८९ मध्ये पोलिसांनी बोलावून नेलं आणि क्षयरोग्यांच्या एका बंद पडलेल्या इस्पितळात एकट्याला पहाऱ्यात ठेवलं. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यातच तशी तरतूद केलेली होती. ६४ दिवस. आईने आणि मित्रांनी कोर्टात धाव घेतली, मोर्चे निघाले, तेव्हा सुटका झाली. त्यानंतर तो गप्प बसला नाही, उघडपणे ह्या विषयावर काम करत राहिला. १९९२ साली 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था सुरू केली आणि त्याच वर्षी वारला. २००५ साली ओनीर ह्यांचा 'माय ब्रदर निखिल' हा हिंदी चित्रपट आला तो त्याच्या कहाणीवरून सुचलेला. मुलांपैकी कोणालाच हे नाव ठाऊक नव्हतं. गोव्याच्या मुलांना!

डॉक्टरांचं म्हणणं असं, की विषाणू माणूस कोण आहे ते बघत नाही, काय झालं तेवढं बघतो. कंडोमशिवाय संबंध, मग तो कोणाचाही कोणाशीही, वापरलेली सुई, न तपासलेलं रक्त, आणि आईकडून बाळाला. डासाने नाही, एका ताटात जेवल्याने नाही, मिठीने नाही, एका विहिरीच्या पाण्याने नाही. वेगळं ठेवलं तर माणसं तपासणीलाच येत नाहीत, आणि न तपासलेला माणूस सगळ्यात धोक्याचा, स्वतःला आणि दुसऱ्यालाही.

आज हे उत्तर द्यायचं झालं तर आणखी बरंच चांगलं सांगता येतं. एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत एआरटीची औषधं फुकट मिळतात. ती नेमाने घेतली आणि रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका खाली गेला व तसाच राहिला, तर संबंधातून तो जोडीदाराला लागत नाही. धोका घडलाच असेल तर ७२ तासांच्या आत, जितकं लवकर तितकं बरं, डॉक्टरकडे गेल्यास संसर्ग टाळणारी औषधं देता येतात. तपासणी मात्र एकदा करून भागत नाही, सुरुवातीचे काही आठवडे ती चुकीने 'नाही' दाखवू शकते, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा. १०९७ ह्या फुकट नंबरावर विचारता येतं. आणि २०१७ चा एचआयव्ही कायदा, जो सप्टेंबर २०१८ मध्ये लागू झाला, त्याने डॉमिनिकशी जसं वागलं गेलं तसं वागणं बेकायदेशीर ठरवलंय. योगायोग बघा, त्याच महिन्यात, ६ सप्टेंबर २०१८ ला, सर्वोच्च न्यायालयाने ३७७ मधून प्रौढांचे संमतीचे संबंध वगळले. जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात ते कलमच नाही. समलिंगी लग्नाला मात्र ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने मान्यता मिळाली नाही. निळ्या शाईच्या चिठ्ठीचा तो मुलगा २०१८ साली बाविशीच्या आसपास असेल. त्या दिवशी तो कुठे होता देव जाणे.

२०१६ साली मी निवृत्त झालो. खोकं नंतर दोन-एक वर्षं होतं म्हणतात, मग वाळवी लागली. आता मुलं मोबाईलला विचारतात. तिथे उत्तरं पुष्कळ, पण मुतारीच्या भिंतीवरचे खात्रीशीर इलाजवालेही तिथेच राहायला गेलेत, आणि आता त्यांचं अक्षर सुबक झालंय. शिवाय मोबाईल आयांच्या कामाचा नाही. त्या अजून माणसालाच विचारतात.

दोन-तीन वर्षांमागे चवथीच्या आधीच्या शुक्रवारी मी म्हापशाच्या बाजारात माटोळीचं सामान घेत होतो. गर्दीत एक बाई जवळ आल्या. त्यांचा मुलगा माझा विद्यार्थी. (हा तो निळ्या शाईचा मुलगा नव्हे हे सांगून टाकतो, नाहीतर तुम्हाला वाटेल मी गोष्ट जुळवून आणतोय.) बेंगळुरूला नोकरीला असतो. सुपारीचे घड बघत असल्याचं दाखवत त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "सर, तुमकां एक विचारूं?"

मुलाने सांगितलं होतं. फोनवर नाही, घरी येऊन, समोर बसून. चार महिने झाले होते आणि त्यांनी नवऱ्याला अजून सांगितलं नव्हतं. लहानपणी मी त्याला स्वयंपाकघरात माझ्याबरोबर फार ठेवला, त्यामुळे झालं का? नाही म्हटलं, मीसुद्धा आईबरोबर नारळ खोवतच वाढलो. कोणा डॉक्टरने औषधं आणि समुपदेशन करून बदलून देतो असं सांगितलंय, पैसे बरेच मागतो, देऊ? मी म्हटलं, एक पैसा देऊ नका. असं 'बदलून देणं' हे डॉक्टरच्या धंद्यातलं गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली जाहीर केलंय. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग तो प्रश्न, जो येणार हे मला ठाऊक होतं. "लग्न केल्यार सारको जातलो न्ही, सर?"

ह्या प्रश्नाला मी फार मऊ उत्तर देत नाही. म्हटलं, तुमची मुलगी असती आणि असा जावई कोणी गप्प बसून तुमच्या गळ्यात बांधला असता, तर? तिचं आयुष्य जातं, त्याचंही जातं, आणि दोघंही आयुष्यभर समजत राहतात की आपल्यातच काही कमी आहे. त्यांनी मान हलवली. मुलीच्या बाजूने विचार केल्यावर बायकांना हे पटकन कळतं, पुरुषांना वेळ लागतो असा माझा अनुभव.

निघता निघता त्या परत वळल्या. बेंगळुरूला त्याचा एक मित्र आहे, एकत्र राहतात. चवथीला दोघं येऊ का म्हणून विचारत होता. बोलावू?

म्हटलं, बोलवा. फक्त तो रोज मासे खाणारा असेल तर आधी सांगून ठेवा, चवथीचे दिवस आपल्याकडे शिवराक असतं, नाहीतर बिचाऱ्याचे हाल व्हायचे.